खाजगी गाडी आणि परक्याचा बांध

कोल्हापुरात पावसाळा लागला म्हणजे एका विशिष्ट जातीच्या जाहिरातीस हल्ली बहर येतो. 'धबधबे, हिरवीगार भातखाचरे आणि प्राचीन देवालये. सारे एका दिवसात, केवळ आपल्या कुटुंबासाठी खाजगी गाडी' असा तिचा साधारण मासला असतो. पहाटे दारातून उचलावयाचे आणि रात्री दारातच आणून सोडावयाचे. मधल्या वेळात राऊतवाडीचा धबधबा, राधानगरीचे धरण, गगनबावड्याच्या उतारावरील खाचरे, खिद्रापूरचा कोपेश्वर, करवीरनिवासिनी अंबाबाई, आणि सवड उरल्यास जोतिबा व पन्हाळा, एवढे सारे दाखवावयाचे, असा हा करार. सुशिक्षित कुटुंबांस तो फार आवडतो. गर्दीशी संबंध नाही, मोटारस्थानकावर तिष्ठणे नाही, परक्याच्या खोकल्याचा उपसर्ग नाही, आणि परतल्यावर सांगावयास भरपूर! आमचे म्हणणे असे की, या सहलीत पाहणे होत नाही ते नाहीच. शिवाय जे पाहावयास म्हणून जावयाचे त्याचीच हानी होते, आणि या हानीचे धनी गाडीवाले नसून आपण, म्हणजे त्या गाडीत मागच्या बाजूस बसणारे शिकलेसवरलेले लोक, आहो.

प्रथम साधा हिशेब करावा. राधानगरी, गगनबावडा आणि खिद्रापूर ही तिन्ही ठिकाणे शहरापासून ढोबळ मानाने ५० ते ६० किलोमीटरांवर. पैकी पहिली दोन पश्चिमेच्या डोंगरात आणि तिसरे पूर्वेस कृष्णाकाठी. आडवाटेने काही बचत केली तरी दिवसाची रपेट तीनशे किलोमीटरांच्या आसपास जाते. पावसात, वळणाच्या रस्त्याने, ताशी चाळीस किलोमीटरांचा वेग धरला तर साडेसात तास केवळ चाकांवर गेले. पहाटे सहापासून रात्री आठपर्यंतच्या चौदा तासांतून हे वजा करा, खाण्यापिण्याचे व चहाचे दोन तास वजा करा. उरले साडेचार तास. ते सात स्थळांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्यास चाळीस मिनिटेही येत नाहीत, आणि त्यांतच गाडी लावणे, चपला ठेवणे, रांगेत उभे राहणे व छायाचित्रे काढणे हे सर्व आले. ज्या गृहस्थास घरातील दूधवाल्याचा हिशेब पैशापर्यंत चोख लागतो, त्यास हा हिशेब सुचू नये, याचे आश्चर्य वाटते.

पण वेळेचा अपव्यय हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे असे म्हणून तो सोडून देऊ. खाचरांची गोष्ट तशी सोडून देण्याजोगी नाही. जाहिरातीत खाचर हे 'दृश्य' असते. वास्तविक खाचर हे दृश्य नव्हे, ते काम आहे. डोंगराचा उतार कापून, दगडमातीचे बांध घालून, तळ असा सपाट करावयाचा की त्यात पाणी सर्वत्र सारख्या उंचीने उभे राहावे. वरच्या खाचराचे जादा पाणी बांधात ठेवलेल्या वाटेने खालच्यात, तेथून त्याच्याही खालच्यात, असे ओढ्यापर्यंत उतरत जावे. उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा व काटक्या पसरून रोपांची जागा भाजावयाची, पावसाच्या तोंडाशी तीत बी पेरून तरवा तयार करावयाचा, तीन-चार आठवड्यांनी तो उपटून त्याच्या मुठी बांधावयाच्या, आणि चिखल केलेल्या खाचरात ओणव्याने एकेक रोप रोवीत जावयाचे. इरले गेले व प्लास्टिकची खोळ आली, एवढाच काय तो फरक. कमर मोडावयाची ती मोडतेच. ही लावण आषाढाच्या सुमारास जोरात असते, आणि नेमका तोच काळ सहलींच्या भराचा! म्हणजे ज्या दिवसांत त्या शेतकऱ्यास मान वर करावयास फुरसत नसते, त्याच दिवसांत आपण त्याच्या बांधावर जाऊन उभे राहतो.

उभे राहिल्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. लावणीच्या आधी बांध चिखलाने नव्याने लिंपलेला असतो. तो शेतकऱ्याच्या अनवाणी व सरावाच्या पावलाचा भार सोसतो. बूट घातलेल्या पाच माणसांच्या ओळीचा सोसत नाही. टाच रुतली की तेथून पाणी झिरपू लागते, आणि रात्री मुसळधार पाऊस झाला म्हणजे त्याच जागी खांड पडते. सकाळी वरचे खाचर कोरडे, आणि खालच्याची कोवळी रोपे वाहून आलेल्या मातीखाली. आणि खालचे खाचर बहुधा दुसऱ्याच्या मालकीचे असते. तेव्हा दोन घरांत भांडण लागते, व ज्यांच्यामुळे लागले ती मंडळी तोपर्यंत आपल्या दिवाणखान्यात आप्तेष्टांस छायाचित्रे दाखवीत असतात.

येथे 'खाजगी' या शब्दाचा चमत्कार पाहण्यासारखा आहे. गाडी भाड्याची, रस्ता सरकारी. पण ती गाडी इतकी खाजगी की वाटेत पावसात भिजत उभ्या असलेल्या म्हातारीस तीत जागा नाही. उलट खाचर हे सातबाऱ्यावर नाव असलेल्या माणसाची खरोखरीची खाजगी मालमत्ता, पण तेथे आपण न विचारता शिरतो! याच गृहस्थाच्या बंगल्याच्या आवारात गगनबावड्याचा एखादा शेतकरी सहकुटुंब शिरून गुलाबाच्या ताटव्यापुढे छायाचित्र काढू लागला, तर पोलिसांस पाचारण होण्यास कितीसा अवकाश लागेल? बांधावर जाण्यापूर्वी 'येऊ का, दादा?' एवढे तीन शब्द उच्चारावयास पैसे पडत नाहीत. ते उच्चारले जात नाहीत, याचे कारण आमच्या मते उद्धटपणा नव्हे. त्या जागेला मालक आहे, ही गोष्टच गाडीच्या काचेतून दिसत नाही.

धबधब्यांविषयी फार लिहीत नाही. पाणी वरून खाली पडते, ते पाहून आनंद होतो, आणि तो कोणासही व्हावा. मात्र तेथे बाटल्यांचा खच पडू लागला आहे, आणि दरवर्षी पावसाळ्यात कोठे ना कोठे निसरड्या खडकावरून कोणी तरी जातो व मग बंदीचा हुकूम निघतो, हेही तितकेच खरे.

आता देवळांकडे वळू. या सहलीचा सर्वांत मोठा दोष आम्हांस असा वाटतो की, जे मुळात एक आहे त्याचे ती तीन तुकडे करते आणि ते तीन नावांनी विकते. गगनबावड्यास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. शिरोळच्या बाजूस त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. गगनबावड्याचे पाणी खाचरांतून, ओढ्यांतून कुंभीत उतरते, कुंभी पंचगंगेस मिळते, पंचगंगा कोल्हापुरावरून नरसोबाच्या वाडीस जाऊन कृष्णेत शिरते, आणि ती कृष्णा पुढे खिद्रापूरच्या कोपेश्वराजवळून वाहते. ज्या काठावर आकाश एवढे कृपण, तेथे एवढे देवालय उभे राहिले, ते बऱ्याच अंशी डोंगरावरच्या पावसाच्या जिवावर. हेच पाणी कोपले म्हणजे काय होते, ते २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत शिरोळ तालुक्याने पाहिले आहे. राधानगरीस शाहू छत्रपतींनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात धरणाचे काम हाती घेतले, आणि १९२२ साली त्यांचे निधन झाल्यावर पुष्कळ वर्षांनी ते पुरे झाले, तेही या पाण्यास वळण लावण्यासाठीच. सहलीतील माणूस मात्र धरणावर जातो तो आपोआप उघडणारे दरवाजे उघडले आहेत की नाहीत एवढे पाहावयास. नसले, तर खट्टू होऊन परततो!

कोपेश्वराच्या दक्षिणेकडील दाराशी यादव राजा सिंघण याचा शके ११३६ चा शिलालेख आहे. देवाच्या पूजेअर्चेसाठी एक गाव दिल्याची नोंद त्यात आहे. म्हणजे काय? म्हणजे त्या गावच्या नांगरटीतून, पेरणीतून, मळणीतून देवाचा दिवा तेवत होता. शेत आणि देऊळ यांचे नाते तेथे दगडावर कोरून ठेविले आहे. पण वाटाड्या घाईत असतो, तो आपल्यास स्वर्गमंडपाकडे नेतो, अठ्ठेचाळीस खांब मोजून दाखवितो, छताच्या गोल मोकळ्या जागेतून आभाळ दाखवितो, कोपलेल्या शिवाची व त्याची समजूत घालणाऱ्या धोपेश्वराची कथा सांगतो, आणि नंदी येथे का नाही हे सांगून होईतो चाळीस मिनिटे भरतात. शिलालेख वाचावयाचा कोणी?

हेच नाते दूरदेशी किती जागृत राहू शकते याचे उदाहरण बाली बेटावर आहे. तेथे पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थेस 'सुबक' म्हणतात (आपल्या 'सुबक' शब्दाशी साम्य आहे ते केवळ योगायोगाचे). पाण्याच्या उगमाशी देऊळ, आणि कोणत्या खाचरांनी केव्हा पाणी घ्यावे व केव्हा जमीन पडीक ठेवावी याचा निर्णय देवळांच्या परंपरेने. १९७० नंतरच्या काळात सरकारने नवे बियाणे आणले आणि देवळाचे पंचांग बाजूस सारून वर्षभर भात लावावयास सांगितले; तेव्हा किडींनी उच्छाद मांडला व पाण्याची ओढाताण सुरू झाली. साऱ्या खाचरांनी एकाच वेळी विसावा घेतला म्हणजे किडीस आसरा उरत नाही, हे त्या जुन्या पंचांगातील शहाणपण पुढे स्टीफन लान्सिंग या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने उलगडून दाखविले. युनेस्कोने २०१२ साली या सुबकांस जागतिक वारशात स्थान दिले. त्याच वर्षी पश्चिम घाटासही दिले, आणि त्यात आपले राधानगरी अभयारण्य आहे. योग असा की, धबधबे, खाचरे व देवळे यांच्या एकदिवसीय खाजगी सहलींचा धंदा बालीतच मातबर झालेला आहे, आणि आपण उचलले ते काय, तर हा धंदा! तेथील तेगल्लालांगच्या प्रसिद्ध खाचरांत तर आता शेतकरी पायवाटेवर उभे राहून पाहुण्यांकडे देणगी मागतात. त्यांस आम्ही नावे ठेवीत नाही. ज्याचे श्रम इतरांच्या करमणुकीस लागले, त्याने त्याचे मोल मागितले तर बिघडले कोठे? आपल्याकडे तेवढेही कोणी मागत नाही. खाचर परवडेनासे झाले की तो मुकाट्याने मुलास शहरात चाकरीस धाडतो, अथवा जेथे पाणी चढविता येईल तेथे ऊस लावतो. ऊस गगनबावड्यापर्यंत पोहोचलाच आहे. ज्या हिरव्या पायऱ्या पाहण्यासाठी आपण पेट्रोल जाळतो, त्या टिकाव्या असे वाटत असेल तर तेथील तांदूळ योग्य दराने विकत घेणारा हवा. आजऱ्याच्या घनसाळ तांदुळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सहलीहून परतणाऱ्या किती गाड्यांत तांदुळाची एखादी पिशवी असते?

याला उत्तर असे येते की, 'आम्हांस सुटीचा एकच दिवस मिळतो, वृद्ध आईवडील बरोबर, एस्. टी. ने त्यांस कसे न्यावे?' आईवडिलांस अवश्य गाडीने न्यावे. पण सात ठिकाणी चढउतार करण्यात त्यांच्या गुडघ्यांस कोणते सुख होते, हे त्यांनाच विचारावे. एकच ठिकाण घेतले तर त्यांना देवळाच्या ओट्यावर तासभर टेकता येईल. दुसरे उत्तर, 'यामुळे खेड्यात पैसा जातो'. जातो, हे मान्य. कणसे भाजणारी बाई आणि चहाची टपरी यांस चार पैसे मिळतात, आणि ते मिळावेत. परंतु भाड्याचा मोठा भाग शहरातील गाडीमालकाचा, जेवणाचा पैसा हमरस्त्यावरील उपाहारगृहाचा, आणि खाचराच्या मालकाच्या वाट्यास बांधातील खांड! तिसरे उत्तर सर्वांत गंमतीचे: 'पूर्वीचे यात्रेकरूही धावपळच करीत.' करीत असतील. पण चैत्रात सासनकाठी घेऊन जोतिबाच्या डोंगरावर येणारा माणूस त्या एकाच देवासाठी घरून निघालेला असतो, आणि वाटेतील गावांचे पाणी पिऊन, त्यांच्या सावलीस बसून येतो. त्याची धावपळ व आपली धावपळ एका मापाने मोजणे म्हणजे भूक आणि चाखणे यांस एक समजणे होय.

अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरच्या ९, १० व ११ तारखांस आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवशी किरणोत्सव होतो. मावळतीचे किरण महाद्वारातून आत शिरतात. पहिल्या दिवशी देवीच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत व तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचतात, अशी त्याची रीत. आणि आभाळ आले किंवा वाटेत इमारतींचा अडथळा झाला, तर पोहोचतही नाहीत. प्रत्यक्ष सूर्यास जेथे तीन दिवस लागतात व तरीही खात्री नसते, तेथे आमच्या कुटुंबास चाळीस मिनिटे पुरतात!

गाडीवाल्यांस आमची एवढीच सूचना आहे की, जाहिरातीत स्थळांच्या नावांपुढे किलोमीटर आणि प्रत्येक ठिकाणी मिळणारी मिनिटे छापावीत. गिऱ्हाईक फसले असे मग कोणास म्हणता येणार नाही. आणि वाचकांपैकी ज्यांस खिद्रापुरास जावयाचे असेल त्यांनी कार्तिकी पौर्णिमेस जावे. त्या रात्री, मध्यरात्रीच्या सुमारास, चंद्र स्वर्गमंडपाच्या मोकळ्या छतावर येतो आणि खालच्या वर्तुळाकार शिळेवर चांदणे उतरते. त्यासाठी सायंकाळपासून खांबाला पाठ टेकून बसावे लागते. 'साडेसातला परत निघायचे हं, साहेब' असे चालक सांगेल. त्यास काय उत्तर द्यावयाचे, ते गाडी ठरवितानाच ठरवून ठेवावे.