वाऱ्याची सावली

अंबाजोगाईत एका संध्याकाळी मल्लखांबाचा सराव बघत उभा होतो. लाकडाला चोळलेल्या एरंडेलाचा वास दारापर्यंत येत होता. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा दसरंग मारून वर गेला, मांड्यांची पकड आवळली आणि दोन्ही हात सोडून डोकं खाली करून थांबला. सरांनी खालून विचारलं, "दार कुठल्या हाताला?" क्षणभरही न थांबता त्यानं उजवा हात लांब केला. दार तिथंच होतं. उलट्या माणसाचा डावा-उजवा हमखास चुकतो, त्याचा चुकला नाही.

त्या उजव्या हातामुळे आकाशातल्या उडीबद्दल हे लिहितो आहे.

स्कायडायव्हिंगची एक सांघिक स्पर्धा असते. चौघं जण साधारण दहा हजार फुटांवर विमानातून एकत्र उडी घेतात, पाचवा हेल्मेटवर कॅमेरा लावून त्यांच्यासोबत. हातात ३५ सेकंद. एकमेकांचे हात-पाय धरून ठरलेली आकृती करायची, सोडायची, पुढची करायची. पूर्ण झालेल्या प्रत्येक आकृतीला एक गुण, आणि तो पंच जमिनीवर चित्रीकरण पाहून देतात. हे सगळं पोटावर, पालथं पडून, ताशी १९० किलोमीटरच्या आसपास वेगानं कोसळताना. पॅराशूट उघडतं ते नंतर.

१९९०च्या दशकात ओलाव्ह झिप्सर या जर्मन उडीबहाद्दरानं आणि त्याच्या साथीदारांनी हवेत बसायला, उभं राहायला, डोकं खाली करून पडायला सुरुवात केली. त्याला फ्रीफ्लाय म्हणतात. स्पर्धेच्या गुणपत्रिकेबाहेर, मोकळ्या खेळातून ही विद्या वाढली. पुढं तिचीही चौघांची स्पर्धा झाली. २०१५ साली अमेरिकेत इलिनॉयमध्ये १६४ जणांनी डोकं खाली ठेवून एकच आकृती केली. पालथ्या उडीचा ४०० जणांचा विक्रम २००६ मध्ये थायलंडमध्ये झालेला होता.

आता प्रश्न असा, की पालथ्या स्पर्धेतल्या चौघांनी हा उलटा खेळ शिकावा का? माझं उत्तर ठाम आहे: शिकलाच पाहिजे. कारण त्या पालथ्या स्पर्धेतही सगळं एका पातळीवर घडत नाही. काही आकृत्यांत चौघांच्या दोन जोड्या होतात, जोड्या गिरकी घेतात आणि वेळ वाचवायला एक जोडी दुसरीच्या वरून जाते. खरी परीक्षा तिथं आहे. खालचा माणूस वारा अडवतो, त्याच्या पाठीवर वाऱ्याची सावली पडते. आपण मराठवाड्यातले लोक पर्जन्यछाया ओळखतो, ही तिचीच बहीण. त्या सावलीत जो शिरला त्याच्या पोटाखालचा आधार जातो आणि तो खालच्याच्या अंगावर आदळतो. फक्त पालथं पडायला शिकलेल्याला पुढं-मागं, डावं-उजवं नीट कळतं. वर-खाली मात्र घाईत निसटतं. बसून आणि उलटं उडालेल्याला त्या तिसऱ्या दिशेची सवय झालेली असते. अंग किती सपाट पसरलं म्हणजे हातभर वर राहता येतं, हे त्याला विचार न करता जमतं.

धोकाही सांगायला हवा, कारण तो जिवावरचा आहे. डोकं खाली केलं की वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या घरात जातो. अशा उडीत एकानं चुकून छाती वाऱ्याला दिली, तर त्याचा वेग एकदम घटतो आणि वरून येणारा सोबती त्याच्यावर येऊन धडकू शकतो. त्या वेगात पॅराशूट उघडलं तर बसणारा हिसकाही जबर असतो. म्हणून दोन्ही विद्या शिकायच्या त्या वेगवेगळ्या, जाणत्या प्रशिक्षकाच्या नजरेखाली. स्पर्धेत उतरताना चौघांचा वेग एक.

मराठी माणसाला आकाशातली उडी म्हटलं की शीतल महाजन आठवते, आणि ते योग्यच आहे. पुण्याच्या या मुलीनं १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर उडी घेतली, तीही आयुष्यातली पहिली. २०११ मध्ये पद्मश्री, २०१८ मध्ये थायलंडला नऊवारी नेसून उडी, २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर. पण हे एकटीचं धाडस आहे. महाराष्ट्राची चौघांची तयार फळी कुठं आहे? त्या फळीची पोरं गावोगावच्या आखाड्यात आज खांबावर उलटी लटकलेली आहेत, असं मला मनापासून वाटतं. खांबाला पकड असते आणि हवेत धरायला काही नसतं, हे खरं. पण उलटं असताना दार कुठं आहे ते कळणं, हे शिकायला इतरांची वर्षं जातात.

आणि विमान लागतंच असं नाही. खालून वर वारा सोडणाऱ्या उभ्या बोगद्यात या सगळ्या हालचाली जमिनीपासून दोन-चार हातांवर शिकता येतात. २०१५ पासून, प्रागच्या स्पर्धेपासून, बोगद्यातल्या उडीची जागतिक अजिंक्यपदंही होतात. असा बोगदा आता हैदराबादला आहे, म्हणजे बीडकरांना मुंबईहून फार लांब नाही. केंद्र सरकारच्या २०२२च्या हवाई क्रीडा धोरणात पॅराशूट उडी स्पष्ट नोंदलेली आहे. उरतो तो पैसा आणि कुणीतरी हाक मारण्याचा प्रश्न.

हाक उशिरा आली तर काय होतं, ते आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेकडं पाहून कळतं. बारावीनंतर तो सैन्यात गेला, तिथं क्रॉस कंट्री धावला, आणि अडथळ्यांच्या शर्यतीकडं वळला तो २०१७ मध्ये. पाचच वर्षांनी, बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, त्याचं सुवर्ण सेकंदाच्या पाच शतांशांनी हुकलं. सैन्यात गेला नसता तर त्याला ही शर्यत कुणी दाखवली असती? एका प्रकारात कमावलेलं अंग दुसऱ्या प्रकारात नेणारा माणूस बीड जिल्ह्यानं दिलेला आहे. मग ज्यांना अजून कुणी विचारलंच नाही, त्यांना विचारा.

क्रीडा खात्यानं मराठवाड्यातून मल्लखांबाची चार मुलं, चार मुली निवडाव्यात. प्रवासखर्च द्यावा, सोबत त्यांचे सर पाठवावेत, आणि एक आठवडा त्यांना बोगद्यात रोज थोडा वेळ उडू द्यावं. आधी पोटावर, मग पाठीवर, मग बसून. डोकं खाली करायची पाळी आली, की काचेबाहेरून सरांनी तोच प्रश्न खुणेनं विचारावा.