‘भूमिका जगणे’ आणि अभिनयाचे अर्धे शिक्षण

पनवेल - येथील आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह आणि ‘अटल करंडक’ एकांकिका स्पर्धा यांमुळे शहर हौशी रंगकर्मींच्या नकाशावर ठळकपणे आले आहे. या तरुणांच्या तोंडी ‘भूमिका जगणे’ हे शब्द वारंवार ऐकू येतात. त्यांचा अर्थ मात्र अर्धवटच पोहोचल्याचे दिसते.

मराठी रंगभूमीवर मानसशास्त्रीय वास्तववाद नवा नाही. ‘नाट्यमन्वंतर’ने १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ सादर करून स्वाभाविक अभिनयाचा आग्रह धरला. त्याच चळवळीतील के. नारायण काळे यांनी पुढे स्तानिस्लावस्की यांच्या ग्रंथाचा ‘अभिनयसाधना’ हा अनुवाद केला.

अडचण येथूनच सुरू होते. स्तानिस्लावस्की यांचे इंग्रजीतील पहिले प्रशिक्षण-पुस्तक १९३६ मध्ये आले. त्यात कल्पनाशक्ती, एकाग्रता व भावनिक स्मृती यांवर भर होता. आवाज, उच्चार आणि देहबोली यांचा विचार करणारा दुसरा भाग इंग्रजीत येण्यास १९४९ उजाडले. तोवर पहिला भाग म्हणजेच संपूर्ण पद्धती, असा समज जगभर रुजला होता. प्रत्यक्षात १९३८ मध्ये निधन होण्यापूर्वीच्या वर्षांत स्तानिस्लावस्की भावनेला थेट हाक मारण्याऐवजी शारीरिक कृतीतून तिच्यापर्यंत जाण्याचा मार्ग शोधत होते.

दोन-तीन दिवसांच्या शिबिरात हा फरक समजावणे कठीण असते. रडण्याच्या प्रसंगासाठी घरातील मृत्यू आठवण्यास सांगणे सोपे. परंतु ती आठवण वर आल्यावर विशीतल्या मुलाला सावरायचे कोणी, याची व्यवस्था बहुधा नसते. शिवाय खरे अश्रू आले तरी शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचला नाही, तर प्रेक्षकाच्या हाती काहीच लागत नाही.

या संदर्भात डॉ. श्रीराम लागू यांचे उदाहरण बोलके आहे. १९७० मध्ये रंगमंचावर आलेल्या ‘नटसम्राट’मधील त्यांचे अप्पासाहेब बेलवलकर आंतरिक अभिनयाचा मानदंड मानले जातात. व्यवसायाने कान-नाक-घशाचे शल्यविशारद असलेल्या याच नटाने ‘वाचिक अभिनय’ या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. आतली खळबळ श्वास आणि शब्द यांच्या शिस्तीवाचून प्रेक्षकापर्यंत जात नाही, हे त्यातून उमगावे.

पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र किंवा मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी येथे दीर्घ प्रशिक्षण मिळते. पण नोकरी किंवा महाविद्यालय सांभाळून तालमी करणाऱ्या पनवेलकर तरुणाला ते सहजसाध्य नाही. त्यामुळे स्पर्धांना जोडून वर्षभराचे, आवाज व शरीर यांपासून सुरू होणारे वर्ग स्थानिक पातळीवर हवेत. नाट्यगृह उभे राहिले, स्पर्धाही स्थिरावली. आता करंडकाच्या पलीकडे पाहून नट घडविण्याची जबाबदारी शहराने उचलायला हवी.