कोळशातील दगडाचा हिशेब

1973 साली ज्या कोळसा खाणी सरकारने खाजगी मालकांच्या हातून काढून घेतल्या, त्या व्यवसायाचे दार 2020 च्या जून महिन्यात विक्रीसाठी खाणींचा लिलाव पुकारून पुन्हा खाजगी मालकांना उघडून देण्यात आले. मालक आले की त्यांचे संघही बलवान होणार, हे ओघानेच आले. धोरण ठरविताना सरकार अशा संघांचे म्हणणे ऐकून घेते, आणि ते योग्यही आहे. परंतु हे संघ बोलतात ते कोणाच्या वतीने, आणि त्यांच्या बोलण्यात कोणाचा आवाज मुळीच उमटत नाही, हा प्रश्न या प्रसंगी विचारणे आम्हांस अगत्याचे वाटते. त्याच्या उत्तरासाठी दिल्लीस जाण्याचे कारण नाही. नागपूरच्या उत्तरेस सावनेर तालुक्यात वसलेले खापरखेडा त्यास पुरेसे आहे.

व्यवसायसंघ ही वस्तू मुळात वाईट नव्हे. आपल्या महाराष्ट्रात तिची परंपरा दोन सहस्र वर्षांकडे जाणारी आहे. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेख सांगतो की, नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे 2,000 कार्षापणे कायम ठेव म्हणून ठेविली आणि तिच्या व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांची सोय केली. राजघराण्यातील पुरुषाने आपले द्रव्य विणकरांच्या हाती निःशंकपणे सोपवावे, ही त्या श्रेणीची पत होती. बाहेरच्या माणसाचा विश्वास हेच संघाचे खरे भांडवल, हा त्या लेखाचा बोध आहे.

कोळशाच्या धंद्यातील संघांनी हे भांडवल किती जोडले? कलकत्त्यास 1892 साली निघालेली इंडियन मायनिंग असोसिएशन प्रामुख्याने युरोपीय कंपन्यांची होती. रेल्वेच्या वाघिणींच्या वाटपात आपणांस न्याय मिळत नाही, या तक्रारीपोटी हिंदी खाणमालकांनी 1913 साली इंडियन मायनिंग फेडरेशन उभारले. वाघिणी, भाव आणि कर यांविषयी दोन्ही संघ हिरिरीने भांडले. परंतु वरवरचा चांगला कोळसा ओरबाडून खाण उद्ध्वस्त करणाऱ्या आणि मजुरांची हेळसांड करणाऱ्या सभासदांना त्यांनी वेळीच आवर घातला नाही. राष्ट्रीयीकरणाच्या वेळी सरकारने नेमकी हीच कारणे पुढे केली. घरातील केर ज्याने स्वतः काढला नाही, त्याच्या घरात सरकारची केरसुणी शिरली, एवढाच त्याचा अर्थ.

पुढे मालक बदलला. स्वभाव बदलला काय? नागपुरात मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कंपनी खापरखेड्याच्या आसमंतातील खाणी चालविते. तेथेच महानिर्मितीचे औष्णिक वीजकेंद्र आहे. 210 मेगावॅटचे चार आणि 500 मेगावॅटचा एक अशा संचांनी उभारलेली त्याची क्षमता 1,340 मेगावॅट. विक्रेता सरकारी, ग्राहकही सरकारी. तरी दोघांचे भांडण भारतीय स्पर्धा आयोगापुढे गेले. महानिर्मितीची तक्रार कोळशाच्या प्रतीविषयी आणि कराराच्या एकतर्फी अटींविषयी होती. आयोगाने 2013 साली कोल इंडियाला 1,773 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अपिलात तो आदेश रद्द होऊन फेरसुनावणी झाली आणि 2017 साली दंड 591 कोटींवर आला. आम्ही लोकहितार्थ स्थापन झालेले एकाधिकारी आहोत, आम्हांस स्पर्धेचा कायदा लागू नाही, हा कोल इंडियाचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने 15 जून 2023 रोजी फेटाळला. मक्तेदारी सरकारची असली तरी ती मक्तेदारीच, हे यातून स्पष्ट झाले.

वादाचे मर्म समजण्यास फार शास्त्र लागत नाही. 1 जानेवारी 2012 पासून कोळशाची किंमत त्याच्या उष्मांकावर, सतरा प्रतींच्या कोष्टकानुसार ठरते. आपल्याकडील कोळशात राखेचे प्रमाण शेकडा तीस ते पंचेचाळीसपर्यंत असते. त्यात खडक मिसळला गेला, किंवा बिलावर वरची प्रत लिहून भट्टीत खालची पडली, तर त्या न जळणाऱ्या मालाचे दाम तीनदा मोजावे लागतात. एकदा कोळशाच्या भावाने, एकदा वाहतुकीच्या भाड्याने आणि तिसऱ्यांदा उरलेली राख साठविण्यासाठी लागणाऱ्या जमिनीने. पहिले दोन दाम इंधनखर्च म्हणून वीजबिलात शिरतात आणि ते तुम्ही-आम्ही भरतो. तिसरा दाम भरतो तो राखतलावाच्या शेजारचा शेतकरी.

2022 साली नांदगावच्या ग्रामस्थांनी राखतलावाविरुद्ध आवाज उठविला, तेव्हा राज्याच्या तत्कालीन पर्यावरणमंत्र्यांना तेथे यावे लागले आणि तलावात राख सोडणे थांबविण्याचा आदेश निघाला. विक्रेत्याच्या मागे कोल इंडिया, ग्राहकाच्या मागे राज्य सरकार. खनिज उद्योगाच्या पाठीशी 1966 पासून काम करणारा त्यांचा अखिल भारतीय महासंघ. नांदगावकराच्या पाठीशी कोण? 2015 च्या दुरुस्तीने खनिज कायद्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. जुन्या पट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या शेकडा तीस, तर लिलावाने दिलेल्या पट्ट्यांवर शेकडा दहा इतकी रक्कम त्यात जमा होते. परंतु त्या कायद्याची भाषा खाणकामाने बाधित झालेल्यांची आहे. राखेने बाधित झालेल्यांचे नाव तीत नाही.

यावर कोणी म्हणेल की, संघ सभासदांच्या वर्गणीवर चालतो, त्याने परक्याची चिंता का वाहावी? हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. वकिलाने आपल्या अशिलाचीच बाजू मांडावयाची असते. परंतु जो संघ केवळ सभासदांच्या लाभाचाच विचार करतो, तो वकिली सोडून कटाच्या वाटेस केव्हा लागला, हे त्याचे त्यालाही कळत नाही. 2012 साली याच आयोगाने भाव संगनमताने ठरविल्याच्या ठपक्यावरून अकरा सिमेंट कंपन्यांबरोबर त्यांच्या उत्पादक संघटनेलाही दंड केला होता. प्रकरण पुढे अपिलात गेले. परंतु संघाच्या बैठकीचे दालन आणि कटाची खोली यांमध्ये किती पातळ भिंत असते, ते दिसून गेले.

म्हणून नव्या खाणमालकांकडून आणि त्यांच्या संघांकडून आम्ही दान मागत नाही. तीन साध्या गोष्टींची अपेक्षा करतो. कोळशाचे नमुने विक्रेता व ग्राहक या दोघांसमक्ष, खाणीवर आणि केंद्रावरही, त्रयस्थाने घ्यावेत आणि निकाल जनतेस वाचावयास मिळावेत. राखेच्या संपूर्ण विनियोगाचे जे बंधन 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेने वीजकेंद्रांवर घातले आहे, ते कोळसा विकणाऱ्यांनीही आपले मानून मालातील दगड खाणीच्या तोंडाशीच वेचून काढावा. आणि जेथे संघाचा प्रतिनिधी सल्लामसलतीस बसतो, तेथे राखतलावाशेजारच्या ग्रामपंचायतीलाही आसन असावे. 2023 साली गोंडखैरीच्या भूमिगत खाणीच्या जनसुनावणीत ग्रामस्थांनी जो तीव्र विरोध केला, त्याच्या मुळाशी आमच्या मते हीच भावना आहे की, निर्णय अगोदर होतो आणि आपणांस नंतर बोलाविले जाते.

विणकरांच्या श्रेणीवर राजाच्या जावयाने विश्वास टाकला. खाणमालकांच्या संघावर खापरखेड्याच्या शेतकऱ्याने विश्वास टाकावा, असे त्या संघाने आजवर काय केले आहे? सरकारदरबारी निवेदने धाडण्यापूर्वी संघाच्या धुरीणांनी या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवावे. पन्नास वर्षांपूर्वी ते देता आले नाही, म्हणूनच खाणी गेल्या होत्या.