बेरजेची सवय आणि गुणाकाराचे जग

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण आम्ही वर्गात नित्य शिकवितो. म्हण खरी आहे. परंतु ती बेरजेची म्हण आहे. जगातील कित्येक गोष्टी थेंबाथेंबाने न वाढता दुपटी-दुपटीने वाढतात. सावकाराचे चक्रवाढ व्याज असेच वाढते. साथीचा रोगही आरंभी असाच पसरतो. ह्या वाढीचे चित्र म्हणजे घातांकी फलाचा आलेख. पुढे कोणत्याही शाखेस जाणाऱ्या विद्यार्थ्याने तो एकदा तरी स्वहस्ते काढलाच पाहिजे, असे आमचे आग्रहाचे मत आहे.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. विद्यार्थिदशेत लॉगरिदमची कोष्टके पाहून आम्ही उत्तरे काढली, गुणही मिळविले. पण त्या आकड्यांमागील रेषा कधी पाहिली नाही. त्या अज्ञानाची जाणीव फार उशिरा झाली. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत गोमंतकात कोविडची दुसरी लाट उसळली. त्यापूर्वी काही आठवडे ‘चार-दोन रुग्णांनी काय होते?’ असे म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो. आमचे मन बेरीज करीत होते. साथ गुणाकार करीत होती.

म्हणून आलेख-कागद घ्यावा. आडव्या अक्षावर ‘क्ष’ आणि उभ्या अक्षावर २ चा ‘क्ष’ वा घात मांडावा. दोन्हींकडे एकास एक सेंटिमीटर. ‘क्ष’ शून्य असता उंची १. पुढे २, ४, ८, १६. पाचव्या पायरीस ३२ येतात आणि कागद संपतो. दहाव्या पायरीस १०२४ सेंटिमीटर, म्हणजे अंगणातील माडाची उंची. विसाव्या पायरीस सुमारे साडेदहा किलोमीटर, म्हणजे एव्हरेस्टच्याही वर! डावीकडे मात्र अर्धा, पाव, अष्टमांश अशी रेषा अक्षाजवळ येत राहते, पण त्यास कधीच टेकत नाही.

आता आदिबिंदूतून ४५ अंशांनी जाणाऱ्या रेषेस आरसा मानून हाच आलेख उलटवावा. लघुगणकाचा आलेख मिळतो. माडाच्या उंचीइतके उजवीकडे गेल्यावर हा वर चढतो केवळ १० सेंटिमीटर. साडेदहा किलोमीटरांवर २०. पहिला आलेख सांगतो, ‘इतक्या पायऱ्यांनंतर किती झाले?’ दुसरा सांगतो, ‘इतके होण्यास किती पायऱ्या लागल्या?’ नेपियरने १६१४ साली लघुगणक प्रसिद्ध केले, ते मोठ्या गुणाकारांचे ओझे बेरजेवर आणण्यासाठी.

कोणी म्हणेल, आज गणकयंत्र असताना हे कष्ट कशाला? गणकयंत्र उत्तर देते. वाढीची चाल दाखवीत नाही. ती डोळ्यांना दिसावी लागते. आणखी कोणी म्हणेल, कलाशाखेस ह्याचा काय उपयोग? १९०७ साली ह्याच गोमंतकात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती होते. जनुकांतील अंतर मोजण्याच्या त्यांच्या सूत्रात लघुगणकच आहे. त्याच कोसंबींनी भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली आणि भारताचा प्राचीन इतिहास लिहिला. गणित व वाङ्मय ह्यांमधील भिंत त्यांनी मानली नाही. आपण ती का बांधावी?

विद्यार्थिमित्रहो, ह्या सुट्टीत एक कागद, एक पेन्सिल आणि अर्धा तास एवढेच खर्च करा. उद्या कर्जाच्या कागदावर सही करताना किंवा साथीची बातमी वाचताना तुम्हांस तो माड आठवेल, आणि वेळीच सावध व्हाल.