छेद किती लहान, हा प्रश्न नंतरचा

मणक्याचे ऑपरेशन आता दोनेक सेंटिमीटरच्या छेदातून होते आणि पुष्कळदा रुग्ण दुसऱ्या दिवशी आपल्या पायांनी घरी जातो. ही प्रगती खरी आहे. पूर्वी स्नायू हाडापासून खरवडून सोडवावे लागत. आता एकावर एक बसणाऱ्या नळ्या सरकवून स्नायूंचे धागे नुसते बाजूला सारतात. रक्त कमी जाते, जखम लवकर भरते.

हरकत आहे ती जाहिरातींना. ‘टाके नाहीत, दुखणे नाही’ असे वाचले की ऑपरेशनची गरज आहे का, हे विचारायचेच राहून जाते. बाहेरचा छेद कितीही लहान असो, आत चकतीचा तुकडा काढून नस मोकळी करायचीच असते. संसर्गाचा, मज्जारज्जूच्या आवरणाला चीर पडण्याचा धोका टळत नाही. नेदरलँड्समध्ये 328 रुग्णांवर झालेल्या तुलनेत (2009) नळीतून केलेली शस्त्रक्रिया नेहमीच्या पद्धतीपेक्षा सरस ठरली नाही. तिथल्याच 2007च्या अभ्यासात सायटिकासाठी (पायात उतरणाऱ्या कळीसाठी) ज्यांचे ऑपरेशन लवकर झाले, त्यांना आराम लवकर पडला, हे खरे. पण वर्षभराने, लवकर ऑपरेशन झालेले आणि थांबलेले अशा दोन्ही गटांतले सुमारे 95 टक्के रुग्ण बरे झाले होते आणि थांबलेल्यांपैकी 39 टक्क्यांनाच ऑपरेशन लागले. बाकीच्यांचे त्यावाचून भागले.

आपल्याकडे एमआरआयचा कागद हातात पडला की घर हादरते. ‘एल-फोर एल-फाइव्ह डिस्क बल्ज’ एवढे वाचून ‘मणक्यात गॅप आलाय’ अशी बातमी नातेवाइकांत पोचते. काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या माणसांतही सुमारे 30 टक्क्यांची चकती फुगलेली दिसते, ऐंशीच्या घरात 84 टक्क्यांची. फोटोत दबलेली नस आणि पायात उतरणारी कळ यांचा मेळ बसला, तरच त्या फोटोला अर्थ. नुसत्या कंबरदुखीला चकती काढून आराम पडेलच, असे नाही.

म्हणून कोणती नस दबली आहे, औषध-व्यायामाला किती आठवडे दिले आणि आणखी थांबल्यास काय होईल, हे सर्जनने संमतीपत्रावर साध्या मराठीत लिहून दिले पाहिजे. रुग्णाने ते मागून घ्यावे, लागल्यास दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावे. मात्र लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसायची जागा बधिर झाली, पाऊल लुळे पडत चालले, तर दुसऱ्या मतासाठी थांबू नये. असेल त्या वेळी, रात्र असली तरी, जवळचे मोठे रुग्णालय गाठावे.