यादीत पहिलं कोण?

गेल्या रमजानमध्ये आमच्या बोईसरच्या वस्तीत शैक्षणिक मदतीची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. पैसा झकातीचा होता. अर्ज पालघर, बोईसर, तारापूरहून आलेले. प्रत्येकात नाव, गाव, गुण, घरातली माणसं आणि मासिक उत्पन्न.

पीएचपीत अशी माहिती म्हणजे अ‍ॅरेच्या पोटात अ‍ॅरे. तिथे यूसॉर्टला सांगावं लागतं की दोन अर्ज समोरासमोर आले तर कोणता रकाना पाहायचा. मी ‘गुण’ लिहून मोकळा झालो. कुणाला विचारलंही नाही.

यादी पाहून समितीतले एक चाचा म्हणाले, “बेटा, ही झकातीची यादी आहे की बक्षिसाची?”

वरची बरीचशी मुलं क्लासला जाणारी होती. एमआयडीसीतल्या एका कंत्राटी कामगाराची मुलगी तळाला होती. सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत झकातीचे आठ हकदार सांगितलेत, सुरुवात फकीर आणि मिस्कीन यांच्यापासून होते. त्यात गुणांचा रकाना नाही.

मग मी उत्पन्न घेतलं, तर १२००० वाला ९५०० वाल्याच्या वर! फॉर्ममधला आकडा मजकूर म्हणून येतो आणि मी तुलना अक्षरांची लावली होती. १ हा ९ च्या आधी. चूक माझीच. आकडे पूर्णांकात बदलून स्पेसशिप ऑपरेटर लावला तेव्हा क्रम सुधारला. तरी न्याय झाला नव्हता. १२००० मध्ये सहा जण जगत असतील तर माणशी २०००. ९५०० मध्ये तिघं असतील तर माणशी तीन हजारांवर. म्हणजे उत्पन्नाला माणसांनी भागून आलेला आकडाच खरा निकष.

आणि बरोबरी झाली तर? पीएचपी ८ पासून सारख्या नोंदी मूळ क्रमातच राहतात. म्हणजे ज्याने आधी अर्ज भरला तो वर, आणि आधी तोच भरतो ज्याच्या घरात मोबाईल आहे. आपण दुसरा निकष दिला नाही, तर तो असा गुपचूप ठरतो.

‘यादी कॉम्प्युटरने काढली’ हे उत्तर म्हणूनच मला पटत नाही. कॉम्प्युटर फक्त क्रम लावतो, निकष माणूस देतो. मदत वाटणाऱ्या प्रत्येक समितीने, मग ती मशिदीची असो की गणेश मंडळाची, निकष अर्ज मागवण्याआधीच फळ्यावर लिहावा, बरोबरीचा नियमही. कोड लिहिणाऱ्यानेही पहिली ओळ लिहिण्यापूर्वी तो विचारून घ्यावा. मी विचारलं नव्हतं. चाचांनी यादी पाहिली नसती तर ती तशीच गेली असती.