पाठवा पोरांना, पण आधी भाषा



माझी नात फिजिओथेरपी शिकून मेक्सिकोत, ओआहाका राज्यातल्या एका खेड्यात स्वयंसेवक म्हणून गेलीय. हे कळल्यापासून शहापूर-वडगावातले बरेच आईबाप मला गाठतात. आमच्याही पोरांना असं पाठवावं काय? माझं मत सरळ आहे. पाठवावं, पण सहा महिन्यांतले पहिले दोन महिने सेवेचे धरायचे नाहीत. ते भाषेचे, बाजाराचे आणि स्वयंपाकघराचे.

‘इंग्लिश येतंय की तिला, स्पॅनिश कशाला?’ असं आमच्या घरातच चाललं होतं. मला ते पटलं नाही. मी मूळचा निपाणीचा, शाळा मराठी. बँकेत लागलो आणि बैलहोंगल, सौंदत्ती भागातल्या शाखांत आठ वर्षं काढली. कानडी शिकलो ती काउंटरवर. कर्ज मागायला आलेला शेतकरी आधी कर्जाचं बोलत नाही. पावसाचं बोलतो, बैलाचं बोलतो, ‘ऊटा आतेनरी?’ म्हणून जेवणाचं विचारतो. त्या ‘री’मध्ये केवढा मान असतो! एवढं सगळं झाल्यावर तो मागच्या हप्त्याचं खरं कारण सांगतो. दुभाष्या मध्ये बसवला असता तर मला फक्त रक्कम कळली असती.

नातीच्या कामात तर हे जास्तच. दुखणं, ठणकणं, मुंग्या येणं, अवघडणं यातला फरक रोग्याच्या तोंडून कळला नाही तर हात कुठे लावणार? पहिले काही आठवडे ती ज्या घरात राहते तिथल्या बाईबरोबर बाजाराला जायची आणि फक्त भाव विचारायची. आपल्याला स्पॅनिश तशी सोपी जाते बरं का. मित्राला ‘तू’च म्हणतात, अगदी आपल्यासारखं, आणि मोठ्या माणसाला ‘उस्तेद’. इंग्रजीवाल्यांना हे घोकावं लागतं, आपल्या पोरीला उपजत कळतं. पैसे देणं म्हणजे ‘पागार’. आपला पगार पोर्तुगीजांकडून आला, ती स्पॅनिशची सख्खी बहीण.

स्वयंपाकघरातही ओळखीचं निघालं. तिथली तोर्तिया म्हणजे मक्याची भाकरीच, पण मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, मग दळतात. आमच्या निपाणीत चुना तंबाखूबरोबर, तिथे मक्याबरोबर! आणि मका, मिरची, तंबाखू ही सगळी पिकं मूळची तिकडचीच. ज्या तंबाखूच्या दरासाठी १९८१ साली शरद जोशींबरोबर आमचे शेतकरी निपाणीत रस्त्यावर बसले, तोसुद्धा.

मराठी माणसाला मेक्सिको नवा नाही. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, गदर पक्षाचे क्रांतिकारक, १९२४ साली तिथे पोचले. चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवलं, मक्याच्या नव्या जाती काढल्या, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा चालवल्या. डिएगो रिव्हेराने त्यांना भित्तिचित्रात भाकर मोडणारा माणूस म्हणून रंगवलं. परका पाहुणा म्हणून नव्हे, घरच्या पंक्तीतला म्हणून. २०२२ साली लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांनी चापिंगोत त्यांच्या पुतळ्याचं अनावरण केलं, तेव्हा आपल्यातल्या किती जणांनी हे नाव ऐकलं होतं?

उलट बाजूने बार्सिलोनाचे व्हिसेंत फेरर १९५२ साली भारतात आले आणि मनमाड भागात शेतकऱ्यांबरोबर विहिरींच्या कामाला लागले. १९६८ साली त्यांना देश सोडायचा हुकूम झाला, तेव्हा हजारो शेतकरी त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरले. पंधरा दिवस येऊन फोटो काढून जाणाऱ्यासाठी कोण उतरेल? ते पर्यटन. खुशाल करावं, पण त्याला सेवा म्हणू नये.

आता खरी गंमत. नात स्पॅनिश बऱ्यापैकी बोलायला लागली आणि लक्षात आलं की गावातल्या म्हाताऱ्या आपसात झापोतेक बोलतात. स्पॅनिश त्यांना येते, पण ती शाळेची, कचेरीची. नातीने झापोतेकमध्ये नमस्कार केला की त्या हसतात, खांदा सैल सोडतात, निम्मं काम तिथेच होतं म्हणे.

हे ऐकून मला आपलं बेळगाव दिसलं. इथे एका कचेरीत मराठी म्हातारीला कानडी अर्ज हातात देऊन ‘ओदरी’ म्हणताना मी पाहिलंय. तिची मान खाली जाते ती मला सहन होत नाही. मराठीत कागद मिळावा हा तिचा हक्क आहे, त्यावर मी तसूभर मागे येणार नाही. पण नातीच्या स्पॅनिशचं कौतुक करणारे आमचेच काही लोक चाळीस वर्षं शेजारी राहणाऱ्या कानडी आजीला ‘ऊटा आतेनरी’ म्हणत नाहीत, तेही मला पटत नाही. कानडी बोलल्याने सीमाप्रश्नावरचं माझं मत बदललं नाही आणि माझी मराठीही झिजली नाही. कुणाला राग येईल, येऊ दे.

नातीचे सहा महिने पुढच्या महिन्यात संपतात. ती म्हणते, आता कुठे म्हाताऱ्या मोकळं बोलायला लागल्यात, अजून थोडं राहते. सून चिडलीय. तिकीट बदलायला किती पैसे पडतात ते मुलगा बघतोय, निम्मे मी देतो म्हटलंय.